एफ/४ला चालते, एफ/८ला अडते

ऐन लग्नसराईत फोर्टातल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर एक २४-१०५ मिमी झूम लेन्स आली, बॉडीसकट. स्क्रीनवर नेहमीचा संदेश होता: कॅमेरा आणि लेन्स यांच्यातला संपर्क सदोष, लेन्सचे कॉन्टॅक्ट साफ करा. आणणारे लग्नाचे फोटोग्राफर. "पुसून पुसून कंटाळलो. आता ते कॉन्टॅक्टच बदलून टाका, दादा," म्हणाले.

कंपनीचं नाव इथे गौण आहे. उजेड आत घेणारं, पात्यांनी लहानमोठं होणारं लेन्समधलं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर. ज्या झूम लेन्सचं अ‍ॅपर्चर मोटरवर चालतं आणि झूम फिरवताना पुढेमागे सरकतं, तिच्यात हा बिघाड होऊ शकतो.

आधी दोष कोणाचा ते ठरवायचं. त्यांची लेन्स आमच्या बॉडीवर लावली, आमची त्यांच्या बॉडीवर. एरर लेन्सबरोबर आली. खालची जोड बॅटरी-ग्रिप काढून पूर्ण चार्ज बॅटरी थेट बॉडीत घातली, कारण बॅटरी थकलेली असली की मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि संदेश तोच येतो. फरक पडला नाही. स्टॅबिलायझर बंद करून, फोकस मॅन्युअलवर टाकूनही पाहिलं. एरर कायम.

मग कॉन्टॅक्ट. पिवळ्या बिंदूंवर आडव्या चरा आणि मधून डोकावणारा पांढरट धातू. म्हणजे 'पुसणं' बारीक पॉलिश पेपरने झालं होतं. हे कुणीही करू नये. त्या बिंदूंवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो; तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि मुंबईच्या दमट हवेत गंजायला लागतो. खोडरबरही मला पसंत नाही, त्याचा चुरा थेट आरशाच्या खोलीत जातो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, न झडणारं कापड, बॉडीचं तोंड खाली, एवढं पुरतं. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगवर असतात. प्लॅस्टिकच्या काडीने एकेक दाबून ती तितकीच वर येते का ते बघायचं. मागच्या माउंटचे, म्हणजे लेन्स बॉडीत अडकते त्या कड्याचे, स्क्रू ढिले असले तरी लेन्स किंचित कलते आणि एखादी पिन टेकत नाही. इथे पिना ठीक, स्क्रूही घट्ट.

खरं तर कॉन्टॅक्टवरचा माझा संशय त्याआधीच उतरला होता. ऑटोफोकस पूर्ण वेगाने चालत होता आणि बॉडीवर एफ-आकडा (अ‍ॅपर्चर किती उघडं ते सांगणारा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान, आणि या लेन्सवर एफ/४ म्हणजे पूर्ण उघडं) बरोबर दिसत होता. मोटरची वीज, चिपची वीज, क्लॉक, जाणारा-येणारा डेटा, सगळं त्याच पिनांतून जातं. पिन खराब असती तर आकड्याच्या जागी शून्य किंवा रेघा दिसल्या असत्या, फोकसही अडखळला असता.

अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: एरर नेमकी कधी येते? ते म्हणाले, "कधीही येते हो." कधीही असं नसतं. कागदावर तक्ता केला. आडवे झूमचे मिमी: २४, ३५, ५०, ७०, १०५. उभे एफ/४, ५.६, ८, ११. प्रत्येक चौकटीत काही फोटो. एफ/४ची ओळ पूर्ण साफ निघाली. बाकीच्या ओळी २४ ते ५० साफ. ७०ला कधी येते कधी नाही. १०५ला प्रत्येक वेळी एरर.

निदान इथेच झालं. डीएसएलआर (आरशाचा डिजिटल कॅमेरा) मीटरिंग, म्हणजे उजेड मोजणं, आणि फोकस पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर करतो. पाती मिटतात ती शटर उडायच्या क्षणी. फोटो एफ/४वरच घ्यायचा असेल तर पाती हलतच नाहीत, म्हणून एररही नाही. एफ/८ मागितलं की बॉडी हुकूम देते, लेन्सची चिप मोटर फिरवायला जाते, मोटर हलत नाही. अपेक्षित उत्तर आलं नाही की बॉडीला लेन्स बोलत नाही असंच वाटतं. संदेश कॅमेऱ्याला जिथे कळलं ती जागा सांगतो. मोडलेली जागा वेगळीच असू शकते. (काही मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, बॉडी फोटोआधीच पाती मिटवतात, तिथे ही एरर शटर दाबायच्या आधीही येऊ शकते.)

खात्रीसाठी डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण; ते फोटो न काढताच पाती मिटवून दाखवतं. एफ/११ लावून ते दाबलं आणि समोरून आत पाहिलं. २४ला पाती झटकन मिटली. १०५ला नुसती थरथरली.

कॅननने १९८७ मध्ये ईओएस ही कॅमेऱ्यांची मालिका आणली तेव्हा बॉडी आणि लेन्समधला यांत्रिक दांडाच काढून टाकला. निकॉनच्या एफ माउंटवर मात्र बहुतेक लेन्सची पाती पुढेही बरीच वर्षं बॉडीतली तरफच हलवत राहिली. तरफेच्या लेन्सची पाती अडकली तर फोटो पांढरेफटक येतात, संदेश येत नाही. तिथला नेहमीचा घोळ निराळा: अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी लेन्स, स्क्रीनवर 'एफईई', आणि गिऱ्हाईक घाबरलेलं. रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेऊन लॉक केली की काम संपतं. त्याचे पैसे घेऊ नयेत.

आता लेन्स उघडायची. मागचे स्क्रू बहुधा जपानी जेआयएस खाचेचे असतात. साध्या फिलिप्सने डोकं झिजतं. माउंट काढून अ‍ॅपर्चरची फ्लेक्स पट्टी (तांब्याच्या रेघांची, वाकणारी वायर) बोर्डवरून सोडवली. कनेक्टरची पापणी आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलायची, फ्लेक्स ओढायची नाही. स्टेपर मोटरला दोन कॉइल. दोन्हींचा रेझिस्टन्स जवळपास सारखा हवा. मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका, आकडा बघा, कारण कॉइलच्या रेझिस्टन्सला बीप वाजेलच असं नाही. झूम २४ला दोन्ही कॉइल सारख्या. हळूहळू फिरवत ७०च्या पुढे गेलो तशी एक कॉइल ओपन, म्हणजे तिच्या वाटेत कुठेतरी तार तुटलेली.

१० पट भिंगाखाली फ्लेक्सच्या घडीवर केसासारखी चीर दिसली. प्रत्येक झूमला पट्टी त्याच जागी वाकते आणि तांब्याची रेघ शेवटी थकते. चिरेवर बारीक तार डकवून देणारे आहेत, पण तीही तिथेच वाकणार आणि तिथेच तुटणार. फ्लेक्स बदलायची, किंवा अख्खं अ‍ॅपर्चर युनिट. सुटी फ्लेक्स स्वस्त पडते, पण मोटरच्या पिनांवर सोल्डरिंगला क्षणभर जास्त उष्णता लागली तर प्लॅस्टिक वितळतं. मी युनिट सांगितलं.

भाग यायला वेळ होता आणि त्यांचं लग्नाचं काम दुसऱ्या दिवशी. सोय सोपी होती: २४ ते ५०मध्ये कुठलंही अ‍ॅपर्चर, त्यापुढे फक्त एफ/४. स्टेजवर दोन रांगांचा ग्रुप ३५ला एफ/५.६वर आरामात धरतो. उजेड जास्त झाला तर शटरचा वेग वाढवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) उतरवा.

युनिट बसवताना काचगटाच्या प्रत्येक समायोजक कॉलरची जागा सुईने खुणावून ठेवली. ती हलली तर एरर जाते, पण फोटोचा एक कोपरा कायमचा धूसर होतो. जोडल्यावर भिंतीवर सपाट चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा एफ/४ला फोटो, चारही कोपरे तपासले. मग पुन्हा तोच तक्ता, या वेळी एफ/२२पर्यंत, लेन्स आडवी, आकाशाकडे आणि जमिनीकडे धरून. सगळ्या चौकटी साफ.

खरवडलेला कॉन्टॅक्ट ब्लॉक तसाच ठेवला आहे. पावसाळ्यात एफ-आकडा मधूनच गायब व्हायला लागला तर तो बदलावा लागेल, हे बिलावर लिहून दिलं.