राज्यपालांनी सही केली नाही तर?

"सर, राज्यपाल दिल्लीचे, इथलं सरकार दुसऱ्या पक्षाचं. मग कन्नड सक्तीचं विधेयक त्यांनी अडवलं तर आपलं, मराठी माणसांचं, काम होतंय की नाही, सांगा की."

बेळगावात, खानापुरात, निपाणीच्या बसस्टँडवर, कुठंही जुने पालक भेटले की हा प्रश्न येतोच. मी मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून मला विचारतात. उत्तर 'नाही' असंच आहे, पण एका शब्दावर कुणाचं समाधान होत नाही.

घटनेच्या कलम २०० प्रमाणे राज्यपाल विधेयकावर सही करतात, फेरविचाराला परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत आलेलं विधेयक विधिमंडळानं पुन्हा मंजूर केलं की सही नाकारता येत नाही. हे माझ्या वर्गातल्या मुलांना पाठ होतं. कुठली वाट कधी धरली जाते, ते मात्र पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते कळायला केरळकडे बघावं लागतं.

१९५७ साली तिथं नंबूद्रिपाद यांचं कम्युनिस्ट सरकार आलं. शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी खासगी शाळांना शिस्त लावणारं विधेयक आणलं. शिक्षकांचा पगार थेट सरकारनं द्यायचा, नेमणुका लोकसेवा आयोगाच्या यादीतून करायच्या. (पगाराचं ते कलम मला आजही मनापासून पटतं.) चर्चच्या आणि नायर समाजाच्या संस्था खवळल्या. दिल्लीत काँग्रेस होती. राज्यपाल बी. रामकृष्ण राव यांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. मला यात हिशेब दिसतो तो असा: थेट नकार दिला असता तर शिक्षकांचा रोष आला असता, सही केली असती तर संस्थाचालक दुरावले असते. कोर्टाकडे पाठवल्यावर वेळही मिळाला आणि दोषही अंगावर आला नाही. दुरुस्त केलेल्या विधेयकाला पुढे १९५९ मध्ये मंजुरी मिळाली, आणि त्याच वर्षी ३१ जुलैला ते सरकारच बरखास्त झालं.

पण त्या राजकारणातून आपल्या हाती एक मोलाची गोष्ट आली. २२ मे १९५८ रोजी दिलेल्या मतात न्यायालयानं सांगितलं की कायदा राज्यभर लागू होणार असेल तर अल्पसंख्य कोण, हे राज्याच्या एकूण लोकसंख्येवरून ठरेल. म्हणजे एखाद्या गावात घरटी मराठी बोलणारे असले, तरी कर्नाटकाच्या कायद्यापुढे आपण अल्पसंख्यच, आणि कलम ३० प्रमाणे स्वतःच्या शाळा काढायचा व चालवायचा हक्क आपल्याला आहे. धर्माइतकाच तो भाषेलाही आहे. हे मी दरवर्षी वर्गात दोनदा सांगायचो.

मग केरळात जे झालं ते इथं का होत नाही? २०१५ चं उदाहरण बघा. पहिलीपासून कन्नड शिकवणं सक्तीचं करणारा कायदा आला तेव्हा बेंगळूरूत सिद्धरामय्यांचं काँग्रेस सरकार होतं, दिल्लीत भाजप होता, आणि राज्यपाल वजुभाई वाला हे गुजरातेतले जुने भाजप नेते. तुम्ही म्हणता ती जुळणी अगदी तंतोतंत होती. तरी कायदा झालाच. जानेवारी २०२४ मध्ये दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा अध्यादेश राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी परत पाठवला तेव्हा आपल्याकडे कितीतरी जणांच्या आशा पालवल्या. पण परत पाठवला तो विधिमंडळाचं अधिवेशन तोंडावर होतं म्हणून. फेब्रुवारीत तेच विधेयक म्हणून मंजूर झालं आणि सहीही झाली.

कारण हिशेब आकड्यांचा आहे. कर्नाटकात लोकसभेच्या २८ जागा. तिथं कन्नडच्या आड येऊन मतं गमवायला कुठलाच पक्ष तयार नाही. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा, आणि २०१८ व २०२३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांच्या पक्षाचा, एकही आमदार निवडून आला नाही. उलट तमिळनाडूत २०२३ मध्ये राज्यपालांनी दहा विधेयकं रोखली, त्यातली बहुतेक विद्यापीठांची होती, आणि वाद कुलगुरू कुणी नेमायचा याचा होता. खुर्चीचा प्रश्न असला की सही अडते. मुलाच्या भाषेसाठी ती अडलेली मी पाहिली नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

कन्नड शिकण्याला माझा विरोध नाही. माझी मुलं कन्नड वाचतात, लिहितात आणि त्याचा त्यांना उपयोगच झाला. महाराष्ट्रानंही २०२० मध्ये मराठी सक्तीचा कायदा केला, तेव्हा जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांतल्या पोरांचाही विचार आपण करायला हवा. १९८६ साली इथल्या लोकांनी कन्नड सक्तीविरुद्ध जीव दिले, दर १ जूनला हिंडलग्याला त्यांच्या हुतात्मा स्मारकावर आपण जातो. तिथं उभं राहिलं की मला आठवतात ते मराठी शिक्षकाविना बसलेले वर्ग.

राजभवनाला निवेदन द्यायला माझी ना नाही. पण त्याआधी कलम ३५०(क) हाताशी धरा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं सोयी कराव्यात, असं ते सांगतं. गावच्या शाळेचा पट किती, कुठल्या वर्गाला मराठी शिक्षक नाही, किती वर्षांपासून नाही, एवढं हेडमास्तरांकडून लिहून आणा. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना, तिन्हीकडे जाईल असा मसुदा मी करून देतो. रविवारी सकाळी घरीच असतो.