ग्राफ राहू द्या, केबल काढा

नेटवर्क आणि सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा डेमो देणारा माणूस हमखास आधी डॅशबोर्ड उघडतो. मी म्हणतो, ग्राफ राहू द्या. टेस्ट सेटअपमधल्या स्विचची अपलिंक, म्हणजे त्याला बाकी नेटवर्कशी जोडणारी केबल, काढतो, मग तुमचं सॉफ्टवेअर काय बोलतं ते बघू.

त्या स्विचमागे चाळीस सर्व्हर असतील तर चाळीस अलर्ट येणार, की 'स्विच पडलाय' असा एकच? नागिऑस, झॅबिक्स, प्रोमिथियस ही असलीच सॉफ्टवेअर. नागिऑसमध्ये होस्टचे 'पेरेंट्स', म्हणजे कोणतं मशीन कोणामागे आहे ते, सांगता येतात, झॅबिक्समध्ये एक अलर्ट दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारी ट्रिगर डिपेंडन्सी आहे, प्रोमिथियसवाल्यांना अलर्ट पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरमध्ये इनहिबिशन रूल, म्हणजे एक अलर्ट वाजत असताना बाकीचे दाबायचे नियम, लिहावे लागतात. सोय सगळीकडे आहे, पण ती बसवायला कोणीतरी बसावं लागतं. रात्री अडीचला चाळीस वेळा वाजलेला फोन माणूस पुढच्या वेळी सायलेंटवर टाकतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

दुसरं म्हणजे काउंटर. एसएनएमपी म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांना आकडे विचारायची पद्धत; तिचा जुना ट्रॅफिक काउंटर ३२ बिटांचा. १ गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल तर तो साधारण ३४ सेकंदांत फिरून पुन्हा शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचलात तर मधे किती फेऱ्या झाल्या हे कळायला मार्गच नाही; ग्राफ दिसतो छान, असतो साफ खोटा. ६४ बिटांचा काउंटर हवा, आणि तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही, निदान व्ही२सी लागते. डेमोत हे विचारलं की समोरचा सेल्सवाला आहे की इंजिनिअर, तेही कळतं.

स्विच, राउटर, यूपीएस असा पसारा असेल तर मी झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस घेईन. कंटेनर, म्हणजे ॲप चालवायचे छोटे सुटे डबे, मिनिटामिनिटाला जन्मत-मरत असतील तर प्रोमिथियस. नवीन टार्गेट, म्हणजे नजर ठेवायच्या गोष्टी, ते स्वतःच शोधून काढतं. फक्त ते डेटा मुळात १५ दिवसच ठेवतं. मागच्या वर्षीचा ट्रॅफिक दाखवा म्हणणारा साहेब असेल तर मुदत वाढवा किंवा स्टोरेजची वेगळी सोय आधीच करा. नागिऑस १९९९ पासूनचं, तेव्हा त्याचं नाव नेटसेंट होतं. त्याच्या सेटिंगच्या टेक्स्ट फाइल्सना लोक नाकं मुरडतात. मला त्या आवडतात, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवल्या की कोणी काय बदललं ते दिसतं.

आणि मॉनिटरिंगचा सर्व्हरच झोपला तर? प्रोमिथियसमध्ये कायम वाजत राहणारा एक अलर्ट लावून तो बाहेरच्या सेवेकडे पाठवतात. तो यायचा थांबला की ती सेवा फोन करते. दुसरं कुठलंही घेतलंत तरी हे आधी लावा, तेही वेगळ्या नेटवर्कवर.