तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेटस ‘रनिंग’ आहे, मग मेसेज कुठे गेले?

‘रॅबिटएमक्यूची क्यू कनेक्टर लावून काफ्काच्या टॉपिकला जोडली. कनेक्टर रनिंग दाखवतो, लॉगमध्ये एकही एरर नाही. तरी कधी मेसेज कमी भरतात, कधी तोच मेसेज दोनदा येतो. कोणतं सेटिंग चुकलं?’ हा प्रश्न शब्द थोडे बदलून इतक्यांदा येतो, की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

रॅबिटएमक्यू आणि काफ्का हे दोन्ही मेसेज साठवून पुढे पोचवणारे सर्व्हर (ब्रोकर) आहेत: पहिल्यात मेसेज क्यूमध्ये, म्हणजे रांगेत थांबतात, दुसऱ्यात टॉपिक नावाच्या नोंदवहीत लिहिले जातात. आधी मेसेजचा प्रवास डोळ्यासमोर आणा. काफ्का कनेक्ट (काफ्काला इतर यंत्रणांशी जोडणारं साधन) यामधला सोर्स कनेक्टर, म्हणजे बाहेरून काफ्कात डेटा आणणारा, क्यूमधून मेसेज उचलतो आणि काफ्काकडे लिहायला देतो. तो ज्या प्रोसेसमध्ये चालतो तो वर्कर, आणि प्रत्यक्ष काम करणारा त्याचा भाग म्हणजे टास्क. लिहिलं गेल्याची पोच काफ्काकडून आली, की कनेक्टर रॅबिटएमक्यूला पोच देतो. क्यूमधून मेसेज जातो तो त्या क्षणी. तोवर तो ‘अनअ‍ॅक्ड’ (पोच न मिळालेला) म्हणून तिथेच पडून असतो. ही दुसरी पोच आधीच गेली तर मेसेज हरवतो. उशिरा गेली किंवा गेलीच नाही तर तो पुन्हा येतो. पुढचं प्रत्येक सेटिंग याच एका प्रश्नाने तपासायचं: यामुळे पोच कधी जाईल?

सुरुवात मात्र कनेक्टरच्या फाइलपासून करू नका, क्यूपासून करा. मेसेज कमी भरण्याचं सगळ्यात साधं कारण तिथे असतं. जी क्यू एखादं अ‍ॅप्लिकेशन आधीच वाचतंय, तिलाच कनेक्टर जोडला तर दोघे त्या क्यूचे स्पर्धक वाचक होतात. काही मेसेज अ‍ॅप्लिकेशनला जातात, काही काफ्काला, आणि दोन्हीकडे तूट दिसते. रॅबिटएमक्यूच्या साध्या क्यूमध्ये एक मेसेज एकाच वाचकाला मिळतो. काफ्काच्या कन्झ्युमर ग्रुपची (तिथे प्रत्येक वाचक-गटाला सगळे मेसेज मिळतात) सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. म्हणून कनेक्टरसाठी वेगळी, ड्युरेबल (ब्रोकर पुन्हा सुरू झाल्यावरही टिकणारी) क्यू बनवा आणि मूळ क्यू ज्या एक्सचेंजला (मेसेज क्यूंमध्ये वाटणाऱ्या भागाला) बांधली आहे त्याच एक्सचेंजला, त्याच राउटिंग कीने (वाटपाच्या खुणेने) ती बांधा. पाठवणारा डिफॉल्ट एक्सचेंज वापरून थेट क्यूच्या नावाने पाठवत असेल, तर ही सोय नाही, कारण डिफॉल्ट एक्सचेंजला स्वतःचं बाइंडिंग जोडता येत नाही. तिथे पाठवणाऱ्या कोडमध्येच बदल करावा लागतो, आणि तो करून घेण्याचा आग्रह धरा.

वेगळ्या क्यूबरोबर एक जोखीमही येते. कनेक्टर दोन दिवस बंद राहिला, की ही क्यू फुगत जाते. डिस्कवरची मोकळी जागा ठरलेल्या मर्यादेखाली गेली (मूळ मर्यादा अवघी ५० एमबी आहे) की रॅबिटएमक्यू अलार्म लावून पूर्ण क्लस्टरमधल्या पाठवणाऱ्यांना थांबवतो. म्हणजे विश्लेषणासाठी काढलेली एक जास्तीची क्यू मुख्य व्यवहार बंद पाडू शकते. क्यूला कमाल लांबीची मर्यादा घाला, आणि मर्यादा भरल्यावर सर्वांत जुने मेसेज टाकले जातील असं ठेवा. नवे नाकारायचा पर्याय इथे घेऊ नका: पब्लिशर कन्फर्म (पाठवणाऱ्याला ब्रोकरकडून मिळणारी पोच) वापरणाऱ्याला नकार मिळेल आणि मूळ क्यूत पोचलेलाच मेसेज तो पुन्हा पाठवेल. किती तासांचा साठा धरायचा, हे डेटा वापरणाऱ्यांबरोबर बसून ठरवा.

युजर आणि परवानग्या पटकन उरकू. ‘गेस्ट’ हा युजर मूळ मांडणीत फक्त लोकलहोस्टवरून चालतो. लॅपटॉपवर जुळलेली जोडणी सर्व्हरवर ४०३ देते ती बहुधा यामुळे. वेगळा युजर करा, योग्य व्हर्च्युअल होस्ट (ब्रोकरमधला स्वतंत्र कप्पा) द्या, आणि कॉन्फिगर व राइट या परवानग्या रिकाम्या ठेवून फक्त त्या क्यूपुरतं रीड द्या. पोर्ट साध्या जोडणीला ५६७२, टीएलएसला ५६७१. पासवर्ड कनेक्टरच्या जेसनमध्ये उघडा लिहू नका, कारण ते कॉन्फिगरेशन काफ्काच्या एका टॉपिकमध्ये जसंच्या तसं साठतं आणि ८०८३ पोर्टवरच्या रेस्ट एपीआयला मूळ मांडणीत कुलूप नसतं. फाइल कॉन्फिग प्रोव्हायडर वापरा, आणि ती फाइल प्रत्येक वर्करवर आहे याची खात्री करा.

आता प्रीफेच. पोच न देता एका वेळी किती मेसेज हातात घ्यायचे, तो हा आकडा. कॉन्फ्लुएंटच्या रॅबिटएमक्यू सोर्स कनेक्टरमध्ये त्याचं मूळ मूल्य ० आहे, आणि रॅबिटएमक्यूच्या भाषेत ० म्हणजे अमर्याद. क्यूत काही लाख मेसेज साठलेले असताना कनेक्टर सुरू केला, तर ब्रोकर ते सगळे वर्करच्या मेमरीत ओतायला लागतो. हीप (जावाला दिलेली मेमरी) भरते, वर्कर पडतो, पोच न मिळालेले सगळे मेसेज क्यूत परत जातात, आणि वर्कर उठला की तोच खेळ पुन्हा. त्यातले काही काफ्कात लिहून झालेले असतात, त्यामुळे प्रत्येक फेरीला दुहेरी मेसेजची भर पडते. रॅबिटएमक्यूच्या कागदपत्रांत १०० ते ३०० हा पल्ला सुचवलेला आहे. सुरुवात २०० पासून करा. मेसेज मोठे असतील तर गणित करून बघा: सरासरी आकार गुणिले प्रीफेच गुणिले त्या वर्करवरची टास्क. जेव्हीएममध्ये प्रत्यक्ष वापर याहून जास्त होतो, म्हणून हा गुणाकार हीपच्या जवळ कुठेही जाता कामा नये.

कन्व्हर्टरच्या (काफ्कात लिहिण्याआधी मेसेजला बाइट्सचं रूप देणाऱ्या भागाच्या) बाबतीत चूक झाली तर ती कधीकधी भरूनच निघत नाही. कनेक्टर मेसेजचा मजकूर कच्च्या बाइट्सच्या रूपात देतो. व्हॅल्यू कन्व्हर्टर म्हणून स्ट्रिंग कन्व्हर्टर दिला, तर तो त्या बाइट्सचं वाचन करत नाही. जावाच्या बाइट अ‍ॅरेचं नुसतं वर्णन लिहितो. टॉपिकमध्ये ‘[बी@’ने सुरू होणारी काही अक्षरं दिसतात आणि मूळ मजकूर गायब असतो. काफ्काने मात्र लेखन यशस्वी मानलेलं असतं, म्हणून रॅबिटएमक्यूला पोच गेलेली असते आणि मेसेज क्यूतूनही गेलेला असतो. जेसन कन्व्हर्टर दिला तर मजकूर बेस६४ (बाइट्स अक्षरांत लिहिण्याची पद्धत) होऊन येतो, आणि स्कीमाज.एनेबल हे मूळचं ‘ट्रू’ तसंच ठेवलं असेल तर वरून स्कीमाचं (रचनेच्या वर्णनाचं) वेष्टनही असतं. हे किमान उलटवता तरी येतं. बाइट अ‍ॅरे कन्व्हर्टर लावा. आलं तसं टॉपिकमध्ये जाऊ द्या आणि अर्थ पुढच्या टप्प्यात लावा. चाचणीच्या टॉपिकमध्ये पहिला मेसेज डोळ्यांनी वाचल्याशिवाय खऱ्या क्यूला हात लावू नका.

यानंतरचं सेटिंग मला सगळ्यात घातक वाटतं: एरर्स.टॉलरन्स, म्हणजे किती चुका सोसायच्या ते. टास्क वारंवार पडतंय म्हणून कुणीतरी तिथे ‘ऑल’ लिहितं, आणि शेजारी डेड लेटर टॉपिकचं (नापास मेसेज बाजूला ठेवण्याच्या टॉपिकचं) नावही देतं. सगळं शांत होतं. पण काफ्का कनेक्टमधला डेड लेटर टॉपिक फक्त सिंक (काफ्कातून बाहेर डेटा नेणाऱ्या) कनेक्टरसाठी आहे. सोर्स कनेक्टरमध्ये ते नाव कुणी वाचत नाही. कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्ममध्ये (वाटेत मेसेज बदलणाऱ्या पायरीत) अडकलेला मेसेज वगळला जातो, आणि फ्रेमवर्क कनेक्टरला कळवतं की या रेकॉर्डचं काम झालं. काफ्का ३.२ पासून प्रोड्युसरने (काफ्कात लिहिणाऱ्या भागाने) लिहिताना नाकारलेल्या रेकॉर्डचंही तसंच होतं. हे कळल्यावर कनेक्टर क्यूला पोच देतो, आणि मेसेज दोन्हीकडून नाहीसा होतो. म्हणून सोर्स कनेक्टरला ‘नन’ (एकही चूक नाही) हेच मूल्य ठेवा. पडलेलं टास्क किमान दिसतं तरी. ‘ऑल’ ठेवणं भागच असेल, तर एरर्स.लॉग.एनेबल चालू करा आणि टोटल-रेकॉर्ड्स-स्किप्ड या मेट्रिकवर सूचना लावा. तो आकडा शून्यावरून हलला की तुमचा डेटा गेलेला आहे.

टास्क वारंवार पडण्याचं नेहमीचं कारण मोठे मेसेज. काफ्का प्रोड्युसरची विनंती मूळ मांडणीत १०,४८,५७६ बाइट्सपर्यंत, म्हणजे १ एमबीच. रॅबिटएमक्यू त्याहून कितीतरी मोठे मेसेज स्वीकारतो, ४.० मध्ये कमी केल्यावरही मर्यादा १६ एमबी आहे. एक ३ एमबीचा मेसेज आला, की टास्क पडतं, मेसेज क्यूत परत जातो, टास्क सुरू केलं की तोच पुन्हा समोर. उपाय तीन ठिकाणी मिळून होतो: कनेक्टरमध्ये प्रोड्युसर.ओव्हरराइड.मॅक्स.रिक्वेस्ट.साइज, टॉपिकवर मॅक्स.मेसेज.बाइट्स, आणि पुढे वाचणाऱ्या कन्झ्युमरच्या मेमरीचा विचार. काफ्का ३.० च्या आधीच्या वर्करवर ओव्हरराइडला आधी परवानगी द्यावी लागते. क्वोरम क्यू (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणारी) असेल तर आणखी एक बाब बघा. रॅबिटएमक्यू ४.० पासून तिथे फेरवाटपाची मूळ मर्यादा २० आहे. ती ओलांडली आणि डेड लेटर एक्सचेंज नेमलेलं नसेल, तर मेसेज टाकून दिला जातो. अडकलेलं टास्क काही वेळाने ‘आपोआप सुरळीत झालं’ असं कुणी सांगितलं, तर आधी हे तपासा. कनेक्टरच्या क्यूला डेड लेटर एक्सचेंज आणि त्यामागे एक क्यू लावायला पाच मिनिटं लागतात.

दुहेरी मेसेज कुठून येतात? काफ्काने पोच दिली आणि ती रॅबिटएमक्यूपर्यंत जाण्याआधी वर्कर पडला, तर तो मेसेज दुसऱ्यांदा येणारच. ही फट सेटिंगने बुजत नाही. काफ्का ३.३ मधली सोर्स कनेक्टरसाठीची एक्झॅक्टली-वन्स (प्रत्येक मेसेज नेमका एकदाच) सोय ज्या स्रोताला ऑफसेट (कुठपर्यंत वाचलं याचा क्रमांक) आहे आणि जिथून मागे जाऊन पुन्हा वाचता येतं, अशा स्रोतासाठी आहे. साध्या क्यूला असा ऑफसेटच नसतो. म्हणून दुहेरी मेसेज पुढच्या टप्प्यात ओळखावे लागतात, आणि त्यासाठी पाठवणाऱ्याने मेसेज आयडी भरायला हवा. रॅबिटएमक्यू तो स्वतःहून भरत नाही.

दुहेरी मेसेजचा लोंढा येतो तेव्हा कारण बहुधा वेगळं असतं. कनेक्टच्या प्रोड्युसरला लिहिण्यासाठी जवळपास अमर्याद वेळ दिलेला असतो. काफ्कातल्या पुरेशा प्रती उपलब्ध नसतील तर टास्क पडत नाही, ते निमूट थांबून राहतं आणि स्टेटस रनिंगच दाखवतं. इकडे रॅबिटएमक्यूचं घड्याळ चालू असतं: ३० मिनिटांत पोच आली नाही, तर तो चॅनेल बंद करतो आणि हातातले सगळे मेसेज परत क्यूत घेतो. काफ्का सावरल्यावर प्रोड्युसरकडे थांबलेले लिहिले जातात आणि क्यूत परत गेलेलेही पुन्हा येतात. प्रीफेच २०० असेल तर दुहेरी मेसेज दर टास्कमागे साधारण तेवढ्यावर थांबतात. ० असेल तर अंदाजच बांधता येत नाही.

क्रम हवा असेल तर टास्क्स.मॅक्स १ ठेवा. एकाच क्यूवर चार टास्क म्हणजे चार स्पर्धक वाचक, आणि मग आधीचा मेसेज नंतर लिहिला जाऊ शकतो. टास्क एक असलं तरी टॉपिकला अनेक पार्टिशन (टॉपिकचे तुकडे) असतील, तर योग्य कीशिवाय (मेसेज कोणत्या पार्टिशनला जाईल ते ठरवणाऱ्या खुणेशिवाय) क्रम टिकत नाही. मजकूर कच्च्या बाइट्समध्ये असताना त्यातून की काढणारा तयार ट्रान्सफॉर्म चालत नाही, कारण त्याला फील्ड असलेली रचना लागते. तेव्हा पहिला टॉपिक एका पार्टिशनचा ठेवा, आणि मजकूर उलगडून, की लावून दुसऱ्या टॉपिकमध्ये लिहिण्याचं काम स्ट्रीम प्रोसेसरकडे द्या. वेग कमी पडतो का, ते मोजून बघा. बऱ्याच क्यूंना एक टास्क पुरतं.

आता स्टेटसबद्दल. कनेक्टर आणि टास्क यांची अवस्था वेगवेगळी असते. कनेक्टर रनिंग आणि त्याचं एकुलतं टास्क फेल्ड, असं सर्रास दिसतं. देखरेखीची स्क्रिप्ट टास्कची यादी वाचते ना, ते बघा. रीस्टार्ट करताना टास्कसह आणि फक्त पडलेलीच, असे दोन्ही पर्याय द्या. ही सोय काफ्का ३.० पासून आहे. नुसता कनेक्टर रीस्टार्ट केला तर पडलेलं टास्क तसंच राहतं.

खात्री करण्यासाठी एक चाचणी कराच. क्रमांक घातलेले १०,००० मेसेज क्यूत टाका. निम्मे गेल्यावर टास्क ज्या वर्करवर आहे तो ‘किल -९’ने मारा. दुसरा वर्कर लगेच काम उचलेल अशी अपेक्षा ठेवू नका: वर्कर परत येतोय का हे बघण्यासाठी कनेक्ट मूळ मांडणीत ५ मिनिटं थांबतो, आणि तोवर टास्क ‘अनअसाइन्ड’ दिसतं. क्यू रिकामी झाली की टॉपिक मोजा. एकूण संख्या १०,००० किंवा थोडी जास्त, आणि वेगळे क्रमांक बरोबर १०,००० यायला हवेत. जास्तीचा आकडा प्रीफेचहून फार मोठा असेल तर पोच कुठेतरी अडकते आहे. वेगळे क्रमांक ९,९९९ भरले, तरी जोडणी चालू करू नका, आधी एरर्स.टॉलरन्स उघडून बघा, मग त्या क्यूवर आणखी कोण वाचतंय ते.