कोणती चालू आहे?

परवा दुपारी जेवून डाव्या कुशीवर लवंडलो, तर डावी नाकपुडी ठार बंद. उजवीतून बारीक शिट्टी. कूस बदलली. थोड्या वेळाने डावी मोकळी झाली आणि उजवीने दार लावून घेतलं. सर्दी नाही, पडसं नाही. पण झोप लागेपर्यंत कोण हजर, कोण गैरहजर हे बघत पडायची माझी जुनी खोड आहे.

खोड आजोबांची. बाहेर पडताना ते उंबऱ्याशी थबकायचे, हाताची मागची बाजू नाकाखाली धरायचे, "चंद्र चालू आहे" म्हणून डावा पाय आधी टाकायचे. उजवी वाहत असेल तर सूर्य. मग उजवा पाय. दर अडीच घटकांनी, म्हणजे तासाने, स्वर पालटतो, हे त्यांचं गणित. एकदा कोर्टाची तारीख होती आणि सूर्य काही केल्या येईना. डाव्या काखेत उशी दाबून आजोबा पडवीत बसून राहिले. आजी म्हणाली, "एसटी काय तुमच्या नाकाला विचारून सुटते?" सूर्य आला तेव्हा एसटी गेली होती.

मागे एकदा नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जीभ दाबायची स्टीलची थंड पट्टी नाकाखाली धरली. पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटले : डावा रुपयाएवढा, उजवा चिंचोक्याएवढा. मला हसूच आलं. झ्वार्डेमाकर नावाचे डच शास्त्रज्ञ हेच गार आरशावर बघायचे. नाकपुड्या अशा पाळीपाळीने काम करतात, हे 1895 साली काइझर या जर्मन डॉक्टरांनी लिहून ठेवलं. आतल्या मांसल घड्या एका बाजूला रक्ताने फुगतात, दुसऱ्या बाजूला ओसरतात. फक्त आजोबांचं घड्याळ तिथे चालत नाही. पाळी कुणाची तासा-दोन तासांची, कुणाची बरीच लांब, कुणाची धड ठरलेलीच नाही.

मग यंत्र. तोंडावर मास्क, एका नाकपुडीत दाब मोजायची नळी, ती नाकपुडी चिकटपट्टीने बंद, श्वास दुसरीतून. 150 पास्कल दाबाला सेकंदाला किती घनसेंटीमीटर हवा जाते, त्याचा आलेख. यंत्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नेहमीसारखा श्वास घ्या." आणि नेहमीसारखा म्हणजे कसा, तेच मला आठवेना! शिवाय तासाभराने आलो असतो तर आकडे उलटे नसते का आले? म्हणून तर थेंब घालून पुन्हा मोजतात, म्हणाल्या. सूज उतरूनही हवा अडलीच, तर दोष नाकाच्या बांधणीचा.

आजोबांच्या शेवटच्या रात्री आत्याने वातीच्या कापसातून एक तंतू ओढून त्यांच्या नाकाशी धरला होता. तो हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. आम्ही सगळे त्या तंतूकडे बघत होतो. कोणत्या नाकपुडीने हलतोय, ते कुणी पाहिलं नाही.