कॅटच्या मागचा एक्झॉस्ट घरच्या घरी : आतापर्यंतचं काम

आधी सध्याची स्थिती. कॅटच्या (म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा सगळा एक्झॉस्ट बदलून झाला आहे. गळती कुठेही नाही, गार इंजिनावर खडखड नाही. गरम झाल्यावर एक खडखड यायची, तिचा बंदोबस्त झाला. उरलाय तो २,४०० आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये घुमणारा आवाज. त्याचं गणित मांडून झालंय, पाइप अजून कापलेला नाही. मला वेल्डिंग येत नाही आणि गाडी उचलायला लिफ्ट नाही, तेव्हा पुढचं सगळं जॅक स्टँडवर गाडी ठेवून, पाठीवर पडून केलेलं काम आहे हे धरून वाचा.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक. पुढची चाकं ओढणारी, चार सिलिंडर, टर्बो नाही. मूळ पाइप बाहेरून ४२ मिलिमीटरचा होता, नव्या किटमधला ५१ चा, म्हणजे दोन इंची. मध्ये एक सरळ रेझोनेटर (आवाज कमी करणारा छोटा डबा), मागे सरळ मफलर, म्हणजे आरपार पाइप आणि त्याभोवती लोकर असलेला सायलेन्सर. कॅटला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. त्याचं काम वेगळं, आणि तो काढून मिळतो तो मुख्यतः वास.

जुना मफलर बाहेरून बरा दिसत होता, पण ठोकलं की आत पत्र्याचे तुकडे वाजायचे. तो आतूनच सडला होता. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरच पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं, पण जवळच्या फेऱ्यांत मफलर पुरेसा तापतच नाही आणि ते आम्लयुक्त पाणी तळाशी साचून राहतं. म्हणूनच मफलरच्या तळाला बारीक भोक ठेवलेलं असतं. नव्या मफलरला ते आहे का हे विकत घेतानाच पाहा. कुणी गळती समजून ते बुजवलं, तर मफलरचं आयुष्य संपलंच म्हणा.

धातूबद्दल थोडं. ३०४ स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला लोहचुंबक चिकटत नाही. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास. त्याला चुंबक चिकटतो आणि वरून तपकिरी गंजही येतो, पण तो लवकर पोखरला जात नाही, म्हणून कारखान्यातून येणारे बरेच एक्झॉस्ट ४०९ चेच असतात. माझ्या किटचा सरळ पाइप चुंबकाला दाद देत नाही, वाकवलेल्या जागी मात्र किंचित ओढ जाणवते. घाबरू नका. गार अवस्थेत वाकवलं की ३०४ सुद्धा थोडं चुंबकीय होतं.

'इंजिनाला थोडं बॅक-प्रेशर लागतंच' असं कुणीतरी सांगेलच, त्याबद्दल आत्ताच बोलून टाकतो. अडथळ्याने कुठल्याही इंजिनाचं भलं होत नाही. गॅसचा वेग टिकणं आणि एका सिलिंडरच्या झोताने दुसऱ्याला मोकळं व्हायला मदत करणं, याचा फायदा असतो खरा, पण तो खेळ मुख्यतः इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डपाशी चालतो. इतक्या मागे पाइपचा व्यास वाढवला की पहिला फरक कानाला कळतो. बसल्या जागी जाणवेल इतकी ताकद वाढलेली नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती.

जुना काढताना

वेळ खातं ते हेच. बोल्ट गंजून फ्लँजशी (दोन पाइप जोडणाऱ्या चकतीशी) एकजीव झालेले. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी परत मारलं. सॉकेट सहा कोनांचा घ्या. बारा कोनांचा गंजक्या नटावर घसरतो आणि नट गोल करून टाकतो. पहिला जोर सोडवण्याच्या दिशेने लावायच्या आधी केसभर आवळण्याच्या दिशेने लावला. गंजाचा थर तडकल्याचा 'टक' असा आवाज येतो, त्यानंतर नट मागेपुढे करत, मध्ये तेल देत काढायचा. दोन नट असे सुटले, तिसऱ्यासाठी नट फोडायचं हत्यार लागलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण ते बोल्ट तसेही नवे घ्यायचे होते. पेटता गॅस मात्र इथे आणू नका. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या हाताच्या अंतरावर असतात.

डोळ्यांवर बंद चष्मा हवाच. खाली झोपून वर काम करताना गंजाचे कण सरळ तोंडावर पडतात. जॅक स्टँडवर गाडी ठेवल्यावर खाली शिरण्याआधी ती दोन्ही हातांनी हलवून पाहायची, आणि जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना अडण लावायची.

कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर माझ्या गाडीत फ्लँजच्या पुढे आहे, त्यामुळे सुटलो. तुमच्या गाडीत तो काढावा लागणाऱ्या पाइपवर असेल तर बहुधा २२ मिलिमीटरचा, वायरसाठी खाच असलेला सॉकेट लागेल. परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, पण सेन्सरच्या टोकाला त्याचा कणही लागू देऊ नका.

रबरांना तेल नको, साबणाचं पाणी द्या. टांगणीची रबरं सहसा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात आणि खनिज तेलाने ती फुगून मऊ पडतात. साबणाचं पाणी आणि हँगरचा पक्कड, एवढ्यात सगळी सुटली. जुना पाइप मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून जातो, तो अख्खा बाहेर निघेना, म्हणून करवतीने मधून कापला. नवा दोन तुकड्यांत येतो आणि मधला जोड एकात एक सरकणारा आहे.

टांगताना

या कामाचं मर्म माझ्या मते इथे आहे, आणि किटसोबत आलेल्या कागदावर त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. एक्झॉस्ट गाडीला घट्ट बसवायची वस्तू नाही, ती पाळण्यासारखी टांगायची असते. आडवं इंजिन अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की पुढेमागे डुलतं आणि सोबत पाइपचं पुढचं टोक ओढतं. ही हालचाल पचवायला पुढे लवचिक जाळीचा तुकडा तरी असतो, नाहीतर गोल गॅस्केटवर स्प्रिंगच्या बोल्टांनी दाबलेला सांधा. स्प्रिंगचा बोल्ट त्याच्या खांद्यावर टेकला की थांबायचं. स्प्रिंग पूर्ण दाबून टाकली, तर सांधा जखडतो आणि पुढचा पाइप तडकायची वाट पाहतो.

दुसरी हालचाल उष्णतेची. ३०४ स्टेनलेस दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन वाढतं. माझी नवी लाइन अडीच मीटरच्या आसपास आहे. सरासरी २५० अंशांनी तापली, तर वाढ एक सेंटिमीटरहून थोडी जास्त भरते. पुढचं टोक इंजिनाला बांधलेलं असल्यामुळे ही सगळी वाढ मागे सरकते. साध्या पोलादापेक्षा ३०४ जवळजवळ दीडपट पसरतं. म्हणून जुन्या पाइपला जेवढं अंतर पुरत होतं तेवढं नव्याला पुरेलच असं नाही.

त्यामुळे सगळं आधी सैल टांगलं. फ्लँजचे बोल्ट बोटांनी, क्लॅम्प नुसता अडकवलेला, रबरं चढवलेली. मग पाइप फिरवत, सरकवत प्रत्येक ठिकाणी बोट फिरेल एवढी जागा केली : अ‍ॅक्सल, टाकीचं उष्णताकवच, ब्रेकच्या नळ्या, बंपरची कड. मागची चाकं लोंबकळत असताना अ‍ॅक्सल खाली असतो, तेव्हा तिथलं अंतर फसवं असतं. अ‍ॅक्सलला जॅकने आधार देऊन चाकं जमिनीवर असल्यासारखी करूनच ते मोजायचं. मग आवळत गेलो, पुढून मागे. एम१० च्या फ्लँज बोल्टांना ४५ न्यूटन-मीटर दिलं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल दुसरा आकडा सांगत असेल तर त्याचं ऐका. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट असेल तर अँटी-सीझ विसरू नका, नाहीतर आटे एकमेकांत रुतून नट अर्ध्यातच अडकतो.

क्लॅम्प पट्टीचा वापरला, यू-बोल्टचा नाही. यू-बोल्ट पाइपला चेपून खोबण पाडतो आणि मग तो सरकता जोड कधीच सरकत नाही. हे पुढे कामी आलं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी सगळा पाइप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. हाताचे तेलकट ठसे स्टेनलेसवर भाजून कायमचे उमटतात. तरी थोडा धूर आणि वास आलाच, तो मफलरमधल्या लोकरीतला चिकटा जळतो त्याचा. काही वेळाने गेला. पुढच्या भागावर आता फिकट सोनेरी छटा आली आहे. दिसायला छान आहे, हे मान्य करतो.

गळती

गार असतानाच तपासली. व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकण्याच्या बाजूला लावून मागच्या टोकात कापडाने घट्ट बसवली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारलं. फ्लँज कोरडी, सरकत्या जोडाशी बुडबुडे. पट्टीचा क्लॅम्प थोडा फिरवून, पाइपच्या टोकाला मुद्दाम ठेवलेल्या फटी पूर्ण त्याच्याखाली आणल्या, बुडबुडे थांबले. कान लावून बसण्यापेक्षा ही पद्धत फार बरी. सेन्सरच्या पुढे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर चुकीचं वाचतो. मागे असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडत नाही, पण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि डिकीचं रबर थोडं जुनं असलं की तो आत यायला वाट मिळते. 'बारीक आहे, काजळीने आपोआप बुजेल' हा सल्ला मी मानत नाही.

गरम खडखड

गार गाडी गप्प. पंधरा-वीस मिनिटं चालवली की मागून पत्र्यासारखा आवाज, तोही फक्त आयडलला. जाड हातमोजे घालून, लांब लाकडी दांड्याने मफलर वेगवेगळ्या बाजूंनी दाबून पाहिला. पुढे ढकलला की आवाज बंद. गार झाल्यावर खाली गेलो तेव्हा वरच्या उष्णताकवचाच्या मागच्या काठावर ताजा चकचकीत ओरखडा होता. म्हणजे मफलर तापून मागे सरकत होता आणि तिथे टेकत होता. किटमधला हँगरचा दांडा मूळच्यापेक्षा थोडा मागे वेल्ड केलेला आहे, त्याने ही वेळ आणली.

उपाय दांडा वाकवणं नव्हे. पट्टीचा क्लॅम्प सैल केला आणि मागचा भाग सरकत्या जोडात सेंटिमीटरभर आणखी आत ढकलला. आता गार असताना मागची रबरं उभी न दिसता गाडीच्या पुढच्या दिशेला कललेली दिसतात. पाहणाऱ्याला वाटेल वाकडं बसवलंय. पाइप तापला की तीच रबरं सरळ होतात. कवच ठोकून बाजूला करणं सोपं होतं, पण ते टाकीला वाचवायला आहे. तेव्हापासून आवाज नाही. दोन-चार वेळा तापून गार झाल्यावर सगळे बोल्ट परत तपासले, फ्लँजचा एक थोडा फिरला.

घुमणारा आवाज

फोन पाइपच्या टोकापासून अर्धा मीटर आणि ४५ अंशांवर ठेवून जुन्याचा आणि नव्याचा आवाज मोजला होता. ही मांडणी आयएसओ ५१३० मधली. फोनच्या आकड्यावर विश्वास नको, फरकावर थोडा ठेवा : साधारण ४ डेसिबल वाढ. बाहेरून आवाज भारदस्त आहे पण कर्कश नाही. खटकतो तो आत, एका लयीत गाडी चालवताना २,४०० च्या आसपास.

चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे २,४०० ला सेकंदाला ८०. फोनवरच्या स्पेक्ट्रममध्ये (कुठला स्वर किती मोठा, याच्या आलेखात) सर्वांत उंच टोक नेमकं ८० हर्ट्झपाशी आहे. सरळ मफलरमधली लोकर उंच स्वर छान गिळते, इतक्या खालच्या स्वरापुढे ती हतबल असते. जुन्या मफलरमधले कप्पे लाटा उलट फिरवून हेच स्वर मारत होते. त्याची कदर आता होते आहे.

यावर उपाय म्हणजे जे-पाइप, बाजूला काढलेला आणि टोकाला बंद असलेला तुकडा. त्याची लांबी त्या स्वराच्या लाटेच्या पाव हवी. लाट आत जाऊन परत येते तेव्हा उलट्या पावलात असते आणि मूळ लाटेला खोडते. २५० अंशांच्या गॅसमध्ये आवाजाचा वेग सुमारे ४६० मीटर प्रति सेकंद, तेव्हा ८० हर्ट्झला लांबी १.४३ मीटर येते. पण बंद नळीतून गॅस वाहत नाही, त्यामुळे ती मुख्य पाइपपेक्षा बरीच गार राहते. १५० अंश धरले तर वेग ४१० च्या आसपास आणि लांबी १.२९. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार.

म्हणून १.४५ पासून सुरुवात करणार आहे. नळी जास्त लांब असेल तर ती खालच्या स्वरावर काम करते, कापत गेलं की स्वर वर सरकतो. लांब केलेली नळी कापता येते, उलटं करता येत नाही. रेझोनेटर आणि मफलरच्या मध्ये, पाइपच्या मागच्या टोकापासून शक्य तितक्या लांब, एक छोटा तुकडा वेल्डरकडून बसवून घेईन. बाकीची नळी टाकीच्या उलट बाजूला वळवून तिलाही एक रबर देईन, कारण तीही तापून लांबणारच. शेवटची टोपी सध्या क्लॅम्पवर असेल. दोन-दोन सेंटिमीटर कापत, प्रत्येक वेळी २,४०० ला स्पेक्ट्रम घेत जायचं. ८० चं टोक खाली बसलं की मगच टोपी वेल्ड.