सोन्नलगीच्या बोळांतून, स्कूटरवर

सोलापुरात माझ्या आयुष्याची पहिली एकवीस वर्षे गेली, आणि तरीही गेल्या डिसेंबरपर्यंत मी बाळी वेशीच्या आतल्या बोळांत कधी शिरले नव्हते. आमचे घर विजापूर रस्त्याला. शाळा, कॉलेज, नवी पेठ, पार्क चौक आणि जानेवारीतली गड्डा यात्रा एवढ्यात आमचे सोलापूर संपत असे. पुण्यात स्थायिक झाल्यावर "तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे हो?" असे कोणी विचारले, की मी सिद्धेश्वराचे नाव घेऊन लगेच पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट किती जवळ आहेत ते सांगू लागे. आपले गाव म्हणजे दुसरीकडे जाण्यासाठी गाडी बदलण्याचे ठिकाण, असे मीच लोकांच्या मनात भरवत होते.

माझा धाकटा भाऊ मात्र तीन वर्षांपासून दर रविवारी सकाळी काही मंडळींबरोबर स्कूटर घेऊन कुठेतरी जातो. त्याच्या या मंडळींच्या गटाला नाव नाही, वर्गणी नाही आणि अध्यक्षही नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, ज्यांची गिअरची जुनी स्कूटर त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षा वयाने मोठी आहे. इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, ज्यांना हळेकन्नड, म्हणजे जुने कन्नड, वाचता येते. पूर्व भागातला एक यंत्रमागवाला आहे, ज्याला सगळे अण्णा म्हणतात. आणि दोन कॉलेजची मुले आहेत, ज्यांचे मुख्य काम फोटो काढणे आणि भूक लागल्याची आठवण करून देणे हे आहे. "ताई, एकदा येऊन तर बघ," असे भावाने म्हटले आणि वडिलांची पडून असलेली स्कूटर पुसून माझ्यापुढे उभी केली.

साडेसहाला चार पुतळ्यांपाशी जमायचे ठरले होते. या चौकातून मी हजारदा गेले असेन, पण पुतळ्यांखालची नावे त्या दिवशी प्रथमच सावकाश वाचली: मल्लाप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी काही दिवस इंग्रजी अंमलच जुमानला नाही, त्यावर सरकारने १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली, एवढे शाळेत शिकलेच होते. काका म्हणाले, "तारखा सोडा हो, आडनावं बघा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. सोलापूर कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर इथंच लिहिलंय." मग किक मारता मारता त्यांनी पुस्ती जोडली, "आणि एकट्यानं हे शहर वाचता येत नाही. एकाला इथल्या सगळ्या भाषा येतच नाहीत."

त्या दिवशी जे पाहिले, ते काकांच्या या वाक्याच्या उजेडात पाहिले.

स्कूटरच का, हा प्रश्न मी विचारला होता. कसब्यात चारचाकी शिरत नाही, शिरली तर वळत नाही; पायी जावे तर किल्ल्यापासून पूर्व भागापर्यंत जीव मेटाकुटीला येतो. स्कूटर हवी तिथे थांबते, एखाद्याच्या ओट्याला टेकवून ठेवता येते, आणि मुख्य म्हणजे स्कूटरवरून आलेल्या माणसाला लोक पाहुणा समजत नाहीत, त्यामुळे "काय शोधताव?" असे सरळ विचारतात. पुढची निम्मी माहिती त्या प्रश्नामुळेच मिळते.

भुईकोटात आम्ही तासभर होतो. बहमनी काळात उभा राहिलेला हा किल्ला पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात इतका खेचला गेला, की चांदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले तेव्हा हुसेन निजामशहाने तो चक्क हुंड्यात देऊन टाकला. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला. हे सगळे फलकांवरून कळते. फलकांवरून जे कळत नाही ते मॅडमनी दाखवले. किल्ल्याच्या आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, आणि हेच नाव बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच आमच्या सिद्धेश्वरांनी, आपल्या प्रत्येक कन्नड वचनाच्या शेवटी मुद्रेसारखे उमटवलेले आहे. त्यांनी तिथे उभे राहून एक वचन म्हटले. अर्थ मला अर्धाच कळला, पण ज्या सिद्धेश्वराच्या पायरीवर माझे जावळ काढले, तो माझ्याशी कन्नडमध्ये बोलतो, ही साधी गोष्ट मला त्या दगडांत उभी राहून उमगली आणि मी थोडी ओशाळलेही.

गावाच्या नावाचीही तीच गत. सोळा गावे मिळून सोलापूर झाले, असे आम्हाला लहानपणी सांगत. सिद्धरामेश्वरांच्या काळी या गावाला सोन्नलगी म्हणत. मोहोळ तालुक्यातील कामतीच्या शके १२३८ च्या शिलालेखात सोनलीपूर असे नाव येते, किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर आणि किल्ल्यातल्याच विहिरीवरच्या लेखात संदलपूर. सोन्नलगीपासून सोलापूरपर्यंतचा प्रवास असा दगडांवरून वाचता येतो. सोळा गावांची गोष्ट ऐकायला सोपी होती, एवढाच तिचा गुण.

तिथून आम्ही कसब्यात शिरलो, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसाचा जीव तिथेच होता. सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीच्या पंचक्रोशीत ६८ लिंगे स्थापिली. मकरसंक्रांतीच्या सुमारास उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच, सजवलेले बांबू कमरेच्या पट्ट्यात तोलून धरतात आणि आदल्या दिवशी सगळ्या लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात, म्हणजे तेलाचे स्नान. मी लहानपणी मिरवणूक पाहिली ती रस्त्याच्या कडेला, वडिलांच्या खांद्यावर बसून. ती नेमकी जाते कुठे, असा प्रश्न कधी पडला नव्हता. ती जाते त्या वाटेने या गावाची शतकांपूर्वीची हद्द रेखली जाते, असे मॅडमचे म्हणणे आहे, आणि एकामागून एक लिंगे पाहिल्यावर ते मला पटले.

त्यांतले एक लिंग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोन घरांच्या मधल्या, हँडल घासेल इतक्या अरुंद बोळाच्या टोकाला, कमरेएवढ्या उंचीची एक देवळी होती. शेजारी पाण्याची निळी टाकी, वर वाळत घातलेला परकर, आणि आत वर्षानुवर्षांच्या तेलाने काळेभोर, गुळगुळीत झालेले लिंग. बोट लावले तर बोटाला तेलाचा चिकटपणा लागला, संक्रांत होऊन अकरा महिने उलटलेले असूनही. घरातल्या आजी बाहेर आल्या, मॅडमशी कन्नडमध्ये बोलल्या, माझ्याशी मराठीत आणि नातवावर दोन्हींत ओरडल्या. रोज दिवा कोण लावते, असे मी विचारले. "आमीच की. घरातलाच हाय तो," असे म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

इंद्रभुवन आणि भैय्या चौकातले डॉ. कोटणीसांचे घर ही दोन ठिकाणे आम्ही त्या दिवशी केवळ बाहेरून पाहिली. अप्पासाहेब वारदांच्या हौसेची ती इमारत आणि चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मरण पावलेल्या त्या डॉक्टरांचे बालपण, दोन्हींना स्वतंत्र रविवार द्यायला हवेत.

अण्णाच्या पूर्व भागात पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी आल्या, आणि हातमागावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेली तेलंगणातली पद्मशाली कुटुंबे सोलापुरात वसत गेली. गिरण्या बंद पडल्या. माग मात्र घराघरांत राहिले. अण्णाच्या शेडमध्ये बोलणे अशक्य होते. धोट्याचा तो खटखटाट कानांत नव्हे, छातीत ऐकू येतो. त्याने खुणेने मला वर बघायला सांगितले: मागावरच्या जॅकार्ड या नक्षीच्या यंत्रावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक करून उलटत होती आणि प्रत्येक पुठ्ठ्यासरशी ताण्याचे ठरावीक धागे वर उचलले जात होते. मग त्याने विणून झालेल्या चादरीचा कोपरा उलटून दाखवला. वरच्या बाजूला मरून जमिनीवर पांढरे फूल, खालच्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून फूल. लहानपणापासून ज्या चादरी पांघरल्या, त्यांना उलट-सुलट नसते हे मला ठाऊक होते, पण ते का नसते हे त्या दिवशी कळले: दोन रंगांचे धागे एकाच वेळी दोन थरांत विणले जातात आणि नक्षीच्या जागी थर आपापसांत बाजू बदलतात. बाहेर आल्यावर अण्णा आईशी तेलुगूत काही बोलला आणि पाचच मिनिटांत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढे आले. शेंगाचटणी उखळात कुटलेली असेल तर तिला तेल सुटते, मिक्सरमध्ये ती भुकटी होते. या एका बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेणार नाही.

पुढच्या रविवारी हत्तरसंग कुडलला जायचे ठरले. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे, संगमेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. ३५९ मुखे कोरलेले ते प्रसिद्ध शिवलिंग इथेच सापडले, पण काकांना ओढ तुळईवरच्या शिलालेखाची होती. सोलापूरचेच शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. त्यावर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, असा काळ आहे. मग मराठीतला पहिला लेख कोणता? श्रवणबेळगोळचा, असे आम्ही शाळेत घोकले होते. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके ९३४ चा मानणारे अभ्यासक आहेत आणि त्या शकाच्या वाचनाबद्दल वादही आहे. हा वाद मंद्रूपपर्यंत स्कूटरी शेजारी शेजारी चालवत, ओरडून ओरडून झाला.

मंद्रूपच्या पुढे माझी स्कूटर दोन आचके देऊन थांबली. काटा अर्धी टाकी दाखवत होता. भावाने शांतपणे सांगितले, की तो काटा दोन वर्षांपासून अर्धी टाकीच दाखवतो आणि हे मला सांगायचे राहून गेले. ज्वारीच्या रानांमधल्या त्या रस्त्यावर मी त्याला जे सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही. काकांनी डिकीतून रिकामी बाटली काढली, आपल्या जुन्या स्कूटरच्या कॉकची नळी सोडवून अर्धा लिटर पेट्रोल काढले आणि फडक्याला हात पुसले.

मंदिरात मान वर करून पाहताना डोळे सरावायला वेळ लागला. मग कॉलेजच्या मुलाने मोबाइलचा उजेड आडवा धरला आणि दगडातून अक्षरे वर आली. मॅडमनी बोटाने हवेत एकेक अक्षर गिरवत शेवटची ओळ वाचली: "वाछि तो विजेया होइवा." जो वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओळीला भाषांतर लागले नाही. मुलाने लगेच विचारले, की हे परीक्षेलाही लागू आहे का.

परत निघताना मी काकांना पेट्रोलचे पैसे देऊ केले. "आत्ता नको," ते म्हणाले. "आपली अडुसष्टपैकी अकराच लिंगं झाली. यण्णीमज्जनाला या, पूर्ण करू, तेव्हा हिशोब." आणि दुसऱ्या दिवशीच्या अक्षतांनाही थांबायचे, असे मॅडमनी बजावले. सिद्धरामेश्वरांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, त्याच्या अक्षता संमती कट्ट्यावर सगळे गाव दरवर्षी टाकते.

पुण्याच्या गाडीत बसल्यावर मी मोबाइलवरूनच रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्याशी थोडा वेळ थांबले आणि मग लिहिले: घरचे लग्नकार्य.