जिन्यातला कांदा

गेल्या मंगळवारी कामावरून परतले, तर खाली टपालपेट्यांवर एक कागद चिकटवलेला. छापील, अतिशय सभ्य. स्वयंपाकाचे वास जिन्यात पसरतात, तरी रहिवाशांनी दारं लावून घ्यावीत आणि खिडक्या उघडाव्यात, ही विनंती. सही कोणाचीच नाही. आमची इमारत पाच मजल्यांची आणि फोडणी पडते एकाच घरात. चौथ्या मजल्यावर, माझ्या.

तो कागद मी तीनदा वाचला. वर येऊन दही आणि ब्रेड खाल्ला. बुधवारी फोडणी केली नाही, गुरुवारीही नाही. फ्रान्समधल्या लिओंमध्ये मला सहा वर्षं झाली. भाषा शिकले, कर भरते, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकते, रविवारी मिक्सर लावत नाही. आणि माझा कांदा-लसूण मात्र यांना 'वास'. निफाड तालुक्यात, कांद्याच्या चाळीला लागून असलेल्या घरात मी वाढले. मे महिन्यात आमच्या अंगणात, पांघरुणांत, माझ्या वह्यापुस्तकांत कांदा भरलेला असायचा आणि त्याला कुणी वास म्हणत नव्हतं. ते घर होतं.

शुक्रवारी संध्याकाळी इमारतीचं दार ढकललं आणि जागीच थांबले. सगळा जिना कांद्याने भरला होता. कांदा आणि लोणी, गोडसर, गरम, पोटात खड्डा पाडणारं. आमची इमारत क्र्वा-रूसच्या टेकडीवर आहे, रेशीम विणणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत. उंच माग मावावेत म्हणून इथली छतं चार-चार मीटर उंच बांधलेली, जिनाही तसाच मोकळा, त्यामुळे वर चढलेला वास लवकर खाली उतरत नाही. येत होता तो दुसऱ्या मजल्यावरच्या मादामच्या घरातून. त्यांचं दार सताड उघडं.

मादाम ऐंशी पार केलेल्या. आमची ओळख 'बोंजूर'पुरती आणि एकदा त्यांच्या पाण्याच्या बाटल्या वर नेऊन दिल्या तेवढी. मी दारात उभी राहिले ती भांडायच्या तयारीनेच. म्हटलं, "खाली लावलेला कागद वाचलात का?"

"कुठला कागद? तुम्ही आत या. मला कांदा सोडून येता येत नाही."

पुढचे जवळजवळ दोन तास मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून होते.

कांद्याचं फ्रेंच सूप मी आधी दोनदा करून पाहिलं होतं, नेटवरच्या कृती वाचून. तिथे बिनदिक्कत लिहिलेलं असतं, कांदा मंद आचेवर १५ मिनिटं परता, छान तपकिरी रंग येईल. येत नाही. १५ मिनिटांत कांदा मऊ पडतो, काचेसारखा दिसतो, बस्स. रंगासाठी गॅस मोठा केला की कडा करपतात, मधला भाग पांढराच राहतो आणि सूप कडवट होतं. मग त्यावर उपाय म्हणून साखर घाला म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो. आपल्याकडच्या कृतींतही हेच चालतं, 'कांदा पाच मिनिटांत गुलाबी परतून घ्या'. कुणाचा होतो पाच मिनिटांत? कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. ते निघून गेल्याशिवाय कांदा रंग धरत नाही आणि ते घाईने घालवता येत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी किलोभर कांदा शेवटपर्यंत परतलाय, तो १५ मिनिटं असं लिहूच शकणार नाही. वाचणारी बाई मात्र समजते की आपलंच काही चुकलं.

मादामचं भांडं बिडाचं, जाड बुडाचं. एक किलो पिवळा कांदा उभा आणि बेताचा बारीक चिरलेला, ५० ग्रॅम लोणी, चमचाभर तेल आणि सुरुवातीलाच मीठ. आच इतकी कमी की भांड्याजवळ कान नेला तर जेमतेम आवाज. त्या खरंच कान देऊन ऐकत होत्या. चुरचुर वाढली की गॅस आणखी बारीक. पहिल्या पंधरा मिनिटांत भांडं काठोकाठ भरलेलं होतं ते निम्म्यावर आलं. अर्ध्या तासाने कांदा गवताच्या काडीसारखा पिवळसर. पाऊण तासाने मधासारखा. त्यानंतर त्या उठून उभ्याच राहिल्या. तळाला तपकिरी थर धरायला लागला की चमचाभर पाणी टाकायचं, लाकडी चमच्याच्या सपाट कडेने तो थर सोडवून कांद्यात मिसळायचा, पुन्हा धरू द्यायचा. असं पाच-सहा वेळा. सगळी चव त्या थरात आहे. शेवटी भांड्यात मूठभर, चकाकणारं, गुऱ्हाळातल्या काकवीच्या रंगाचं काहीतरी उरलं. किलोभर कांद्याचं एवढंच.

"साखर?" मी विचारलं.

"साखर कांद्यातच असते. बाहेर यायला वेळ द्यावा लागतो. घाई असेल त्या दिवशी मी आमलेट करते."

मला आमच्या चुलीतला कांदा आठवला. काळ्या मसाल्याच्या रश्शासाठी आई अख्खा कांदा निखाऱ्यात सारते. वरची साल कोळसा होते, आतला कांदा लोण्यासारखा. कांदा काळा होईतो थांबायचं आम्हालाही माहीत आहे, हे मी मादामना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा जोरात. त्यांनी मसाल्यात काय काय असतं ते विचारलं आणि दगडफूल म्हणजे काय हे समजून घेतल्याशिवाय मला सोडलं नाही.

पुढचं काम पटापट. चमचाभर मैदा भुरभुरवून दोन मिनिटं परतायचा, अर्धी वाटी पांढरी वाईन ओतून आटवायची, मग दीड लिटर रस्सा, एक तमालपत्र, थाइमची काडी आणि अर्धा तास मंद उकळी. रस्सा कशाचा, यावरून इथे लोक हमरीतुमरीवर येतात. माझ्या ऑफिसातलं एक ठाम मत असं की गोमांसाच्या रश्शाशिवाय ते सूपच नाही. मी ते खात नाही म्हटल्यावर मग हे सूप तुझ्यासाठी नाहीच, असंही झालं बोलून. हा सल मनात होता म्हणून मी मादामना घाबरतच विचारलं. त्यांनी नळाकडे बोट केलं. त्यांची आई पाणीच घालायची. मांस रविवारी, तेही असलं तर. आणि खरंच, जुन्या घरगुती पद्धतींत हे सूप पाण्याचंच आढळतं. कांदा, शिळा पाव आणि पाणी, गरिबाघरचं जेवण. वरचं चीज आणि मांसाचा रस्सा हा नंतरचा थाट.

म्हणजे माझ्या माळकरी आईलाही हे चालेल. वाईनऐवजी पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालायचं. चीजचं मात्र बघावं लागतं. कोंते चीज वासराच्या पोटातल्या विरजणानेच लावतात, तसा त्याचा नियमच आहे, त्यामुळे ते आईला नाही. वेष्टनावर विरजण सूक्ष्मजीवांपासूनचं आहे असं लिहिलेलं एमेंताल मिळतं, ते घ्यायचं. इथे येणाऱ्या शाकाहारी मंडळींनी हे लक्षात ठेवा, कारण दुकानात आपणहून कुणी सांगत नाही.

सूप उकळत असताना मादाम त्यांच्या लग्नाबद्दल बोलत होत्या. इकडच्या खेड्यांत लग्नाच्या रात्री नाचगाणं संपल्यावर पहाटे सगळ्यांना कांद्याचं सूप द्यायची पद्धत होती. त्यांच्याही लग्नात दिलं होतं, साठच्या दशकात. पॅरिसच्या मधोमध ले आल हा घाऊक बाजार होता, तिथले हमालही पहाटे हेच प्यायचे, आणि त्याच खानावळीत रात्रभर नाटकं-नाच करून आलेले श्रीमंतही. चीज घालून भाजलेल्या सूपला अजून त्या बाजाराचं नाव आहे, ग्रातिने दे आल. बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजिसला गेला. मी ऐकताना लासलगावची पहाट पाहत होते. ट्रॅक्टरची रांग, थंडीत मफलर बांधलेले हमाल, चहा आणि कांदाभजी. तेही ज्या पोत्यांना पाठ लावतात तोच कांदा खातात.

रविवारी मी माझ्या घरी कांदा टाकला. दार उघडं ठेवून.

कांदा चिरताना २०२३ चा ८ डिसेंबर डोळ्यांसमोर आला. त्या तारखेला लिओंत घरोघरी खिडक्यांत रंगीत काचेत मेणबत्त्या लावतात, १८५२ पासून. मी पणत्या लावल्या होत्या. आदल्या दिवशी आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती आणि त्या दिवशी नाशकातले लिलाव बंद पडले. अण्णांचा ट्रॅक्टर भरून उभा. डिसेंबरचा लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. फोनवर ते फक्त म्हणाले, "थांबलोय." खाली रस्त्यावर हजारो लोक दिवे बघत फिरत होते आणि मी पणतीत तेल घालत होते.

गावात अजून विचारतात, शिकली आणि निघून गेली, बापाने करायचं काय? मी उत्तर देत नाही. चाळीचे नवे पत्रे माझ्या पगारातून आले, थांबायची वेळ आली तर चार महिने थांबता यावं एवढं अण्णांच्या खात्यात मी ठेवते. शेतात राहिले असते तर हे जमलं असतं का? नसतं. तरीही काढणीच्या वेळी मी तिथे नसते, हेही आहेच.

वाडग्यांत सूप ओतलं. त्यावर कालच्या पावाचे भाजलेले काप. ताजा पाव लगेच विरघळतो, शिळाच हवा. पाव टाकायचा नाही ही इथली शिस्त आपल्या फोडणीच्या पोळीच्या घराण्यातली. वर मूठभर किसलेलं चीज, आणि भट्टीत वरच्या आचेखाली पाच-सात मिनिटं, डाग पडेपर्यंत. वाडग्याच्या काठावरून ओघळलेलं चीज तिथेच चिकटून करकरीत होतं. मादाम ते सुरीने खरवडून आधी खातात. त्यांनीच सांगितलं, वरून असा करकरीत थर येईतो भाजलेल्या पदार्थाला म्हणतात तो ग्रातें हा शब्द खरवडणे या क्रियापदावरूनच आलाय. म्हणजे खरवडच! दुधाच्या पातेल्याच्या तळाची, जिच्यासाठी मी आणि माझा भाऊ चमचे घेऊन भांडायचो, ती. सहा वर्षं हा शब्द मी हॉटेलांच्या पाट्यांवर वाचत होते.

एक वाडगा दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिला. मादामनी चीजचा कोपरा उचलला, आत पोर्ट वाईनमध्ये फेटलेला अंड्याचा बलक ओतला, ढवळलं, झाकण परत लावलं. लिओंची रीत. एक घोट घेऊन म्हणाल्या, "अजून दहा मिनिटं हवा होता कांदा." बरोबर होतं त्यांचं.

वर आले तेव्हा व्हिडिओ कॉल वाजत होता. आई खूश, कार्तिकी होऊन गेलेली, तिचा चार महिने कांदा न खाण्याचा नेम सुटलेला. तिने वाडगा नीट पाहिला, पाव कुठला, चीज कुठलं विचारलं. अण्णांना वाडग्यात रस नव्हता.

"कांदा दाखव तिथला."

उरलेला एक कॅमेऱ्यासमोर धरला.

"जवळ घे. मान दाखव. फिरव." चष्मा वर करून ते बराच वेळ बघत राहिले. "केवढ्याला?"

"किलोला दोन युरो."

"रुपयात?"

"दोनशेच्या आसपास."

ते काही बोलले नाहीत. मागे चाळीत कुणीतरी पोतं टाकल्याचा आवाज आला.

"मान बारीक आहे," ते म्हणाले. "चांगला सुकवलाय. मार्चपर्यंत जाईल."